तुझा प्लांट असता तरी

दादा, तेरावं झालं. पंगती उठल्या, भाड्याची भांडी घासून परत गेली. तू होतास तेव्हा जिना चढून वर यायचा ज्यांना कंटाळा यायचा, त्यांनीही तुझ्या नावाने दोनदा श्रीखंड मागून घेतलं. पेपरात चार ओळी आल्या. जन्म कुठला, शिक्षण काय, नोकरी कुठे, मागे कोण. चूक एकही नाही, फक्त त्यात तू कुठे दिसत नाहीस. म्हणून मी लिहायला बसले आहे. उत्तर द्यायला तू नाहीस हे मला कळतं, आणि खरं सांगायचं तर माझा सगळ्यात मोठा राग त्याचाच आहे. तीसेक वर्षं चाललेलं भांडण असं अर्ध्यात टाकून कुणी उठून जातं का?

भांडण एकाच गोष्टीवरून होतं, तुझ्या प्लांटवरून. झाशीहून बबीन्याच्या पुढे, बेतवा नदीच्या अंगाला, कोळशावर वीज करायला एक चिमणी आणि दोन लहान बॉयलर. मोठ्या प्लांटांची नावं लोकांना पाठ असतात, पेपरात मंत्र्यांबरोबर त्यांचे फोटो येतात. तुझ्या प्लांटला लोक नुसतं 'बिजलीघर' म्हणायचे. इंजिनियर होऊन तू तिथे लागलास तेव्हा बाबांनी दतिया गेटच्या बाजारातून पेढे आणून गल्लीभर वाटले. घरातल्या सगळ्यांना वाटलं दोन-चार वर्षांत बदली होईल, मोठ्या प्लांटवर जाशील, साहेब होशील. दोनदा संधी आली आणि दोनदा तू नाही म्हणालास. निवृत्त होईपर्यंत तिथेच राहिलास. लग्नाआधी कॉलनीत एका खोलीत, मग वहिनी आल्यावर दोन खोल्यांत, वर्षाचे बारा महिने सगळ्या खिडक्या बंद ठेवून.

आपलं भांडण कसं चालायचं, आठवतं? सुरुवात मराठीत व्हायची, कारण मराठीत बोलायला झाशीत आपण एकमेकांशिवाय कोणाकडे जाणार? आकडे आणि मशिनं आली की तू हिंदीत शिरायचास. आणि चिडलास की परत मराठीत, तेही आजीकडच्या जुन्या मराठीत. "सुमे, तुला अक्कल नावाला म्हणून नाही." कॉलेजात माझ्या वर्गातल्या मुली घाबरायच्या अशी मी बाई, पण तुझ्यापुढे मी कायम आठवीतली सुमी.

तुझं म्हणणं मला अजून पाठ आहे. मोठे प्लांट पार पूर्वेला, कोळशाच्या खाणींच्या तोंडाशी. तिथून वीज शेकडो मैल येणार आणि येता येता तिचा जोर ओसरणार. "आपण बुंदेलखंडवाले लाइनचं शेपूट आहोत," तू म्हणायचास. "शेपटाजवळ एक लहानसा का होईना, प्लांट पाहिजे. मग व्होल्टेज पडत नाही. शेतकऱ्याची मोटार जळत नाही. तुझ्या सिविल लाइंसमधल्या बंगलेवाल्यांचे फ्रीज चालतात ते आमच्यामुळे." आणि वर, "मोठं युनिट बंद पडलं तर अख्खं राज्य हादरतं. आमचं पडलं तर शेजारच्या गावालासुद्धा कळत नाही."

"म्हणजे नसलं तरी कळणार नाही," मी म्हटलं होतं.

त्या दिवशी तू पानावरून उठलास. वहिनी माझ्याकडे बघत राहिली, आणि मी तुझ्या वाटणीचा आमटी-भात संपवून बसने परत गेले. मला वाईट वाटलं नाही. बोलणं चोख होतं असंच वाटलं, आणि आजही तसंच वाटतं.

माझंही म्हणणं साधं होतं. लहान बॉयलर प्रत्येक युनिटमागे मोठ्यापेक्षा जास्त कोळसा खातो. जुना असेल तर आणखी जास्त. धूर गाळायची यंत्रं लहान प्लांटला परवडत नाहीत म्हणून अर्धी बंद असतात, आणि राख जाते ती तुमच्या त्या तळ्यात. मे महिन्यात लूचे गरम वारे सुटले की ते तळं वाळायचं आणि उठून गावात फिरायला यायचं. मी कॉलनीत यायचे तेव्हा वहिनीची दोरीवरची पांढरी साडी संध्याकाळपर्यंत करड्या रंगाची झालेली असायची. ती परत धुवायची. मी म्हणायचे, दादा, साडीवर बसतं ते छातीत बसत नसेल का? तू म्हणायचास, "तुझा खडू जातोच की नाकात. तू कुठे मेलीस?"

नाही मेले, दादा. बघ, बसले आहे लिहीत.

आणि यातली गंमत तुलाही ठाऊक होती. मला रसायनशास्त्र शिकायला ग्वाल्हेरला पाठवणारा तूच. बाबा म्हणत होते मुलीला एवढं शिकवून स्थळं कुठून आणायची, झाशीत मराठी घरं उरलीत किती. तू म्हणालास, स्थळ नाही मिळालं तर नाही मिळालं, ती शिकणार. माझं कॉलेज, माझं वसतिगृह, माझा पांढरा कोट, सगळं त्या चिमणीच्या धुरावर झालं. आणि मी शिकून परत आले ती पहिली तुझ्या राखेत काय काय असतं ते तुलाच सांगायला लागले. तू डोक्यावर हात मारलास. "हेच शिकवलं का तिथे?" म्हणालास. पण त्याच संध्याकाळी कॉलनीतल्या चौघांना बोलावून आणलंस आणि मला सगळं परत सांगायला लावलंस. मी सांगत होते आणि तू दारात उभा राहून त्यांची तोंडं बघत होतास. तुझ्याविरुद्ध बोलत होते मी, आणि तुझी छाती फुगली होती. असा भाऊ मला मिळाला याबद्दल मी कधी देवाचे आभार मानले नाहीत. आता मानते, आणि लगेच त्याच्याशी भांडतेही.

तुझ्या त्या बॉयलरचे लाड मात्र मी डोळ्यांनी पाहिलेत. मोठी दुरुस्ती होऊन बॉयलर पुन्हा पेटवायचा असला की बाकीचे नारळ फोडायचे. आपल्या घरचं एवढ्याने भागायचं नाही. वहिनीने पुरणपोळी करायची, केळीच्या पानावर तूप घालून ती बॉयलरच्या पायाशी ठेवायची, मगच तू मशाल हातात घेणार. रामसनेही, तुझा बॉयलरवरचा जुना माणूस, पहिल्यांदा ते पान बघून म्हणाला होता, "साब, जौ बॉयलर तौ पूरो मराठा हो गओ." तेव्हापासून ती रीतच झाली. पेटल्यावर ती पोळी तुकडे करून सगळ्या शिफ्टने खायची. तू मात्र निळी काच डोळ्याला लावून आतली ज्वाळा बघत बसायचास, आणि तुझ्या वाटणीचा तुकडा रामसनेही हातात धरून उभा असायचा. पुरणपोळीला न्याय न देणारा माणूस म्हणून वहिनीने तुला कधी माफ केलं नाही.

मग काळ फिरला. वीज कुणाची आधी घ्यायची हे दरावर ठरायला लागलं आणि तुमची वीज महाग. वरून निरोप यायचा, बंद ठेवा. मग मे-जूनच्या संध्याकाळी सगळं राज्य कूलर-एसी लावून बसलं की धावाधाव, लगेच चालू करा. दोन दिवस चालवा, परत बंद करा. लग्नघरी पुऱ्या तळायला गरीब मावशीला बोलवतात आणि पंगत बसली की तिला विसरतात, तसं तुमचं झालं. आणि बॉयलर काही गॅसची शेगडी नव्हे, फिरवली कळ की पेटली. तो हळूहळूच तापवावा लागतो, नाहीतर त्याच्या नळ्या फाटतात. सारखं तापवून आणि थंड करून तुझा बॉयलर खिळखिळा झाला. प्रत्येक वेळी दुरुस्तीला तू आत उतरायचास, राखेत, तोंडाला नुसता गमछा बांधून. ते काम तुझं नव्हतं. तू साहेब होतास, बाहेर उभं राहून हुकूम सोडायचे. पण तुझी ती सवय कुणाला मोडता आली नाही. बॉयलरमध्ये माणूस पाठवायचा असेल तर आधी आपण आत जाऊन यायचं. मला वाटतं, प्लांटमधल्या प्रत्येक माणसाने हे बघितलं, कौतुक केलं, आणि एकानेही तुझ्या हाताला धरून तुला मागे ओढलं नाही.

खोकला तेव्हाच सुरू झाला. प्लांटचा डॉक्टर म्हणाला धुळीची ॲलर्जी आहे. तो दर हिवाळ्यात तेच म्हणायचा. तू विडी ओढली नाहीस, तंबाखू खाल्ली नाहीस, पान खाल्लंस तर होळीला. शेवटी तुझ्या निवृत्तीनंतर मीच तुला ओढत ग्वाल्हेरला नेलं. तिथल्या डॉक्टरांनी छातीचे फोटो उजेडाला धरले आणि विचारलं, "काम क्या करते थे?" मी तुझ्याकडे बघितलं. मला वाटलं तू म्हणशील इंजिनियर. तू म्हणालास, "बॉयलर पे था. राख में." एवढंच, आणि खिडकीबाहेर बघायला लागलास. मला जे तीस वर्षं ऐकायचं होतं ते तू त्या अनोळखी डॉक्टरला सांगितलंस. फुप्फुसं कडक होत चालली आहेत, ती परत मऊ होत नाहीत, असं ते म्हणाले. मी बरोबर ठरले होते, आणि ते घेऊन काय करायचं हे मला कळत नव्हतं.

तू निवृत्त झाल्यावर दोनच वर्षांत प्लांट कायमचा बंद झाला. लोक बदलून गेले, कॉलनी ओस पडली. तू आणि वहिनी दतिया गेटच्या आपल्या गल्लीत दुसऱ्या मजल्यावर राहायला आलात. इकडे बुंदेलखंडात माळांवर सोलरच्या काळ्या पाट्या पसरल्या. मी तुला मुद्दाम असा एक माळ दाखवायला नेलं, रस्त्याकडेला गाडी थांबवून. तू बराच वेळ बघत होतास. मग म्हणालास, "छान आहे. राख नाही, आवाज नाही. आता मला सांग, सूर्य मावळल्यावर झाशी कूलर लावते, तेव्हा हे काय करतात?"

"साठवतील. बॅटऱ्या येतायत."

"येतील तेव्हा येतील. तोवर?"

माझ्याकडे उत्तर होतं, पण तुला बोलताना धाप लागली होती, म्हणून मी दिलं नाही. आजारी माणसाशी भांडायचं नाही असं मी त्या दिवशी मनाशी ठरवलं. माझी ती पहिली हार, आणि तुला तिचा पत्ताही नव्हता.

मग ते मशीन आलं, हवेतून ऑक्सिजन ओढून देणारं. पलंगाशेजारी घरघर करत बसायचं. तुझ्या नाकातली नळी, तिला जोडलेला लांब पाइप, आणि मशीनच्या मागे स्टॅबिलायझर. मी माझी सिविल लाइंसची खोली बंद करून तुमच्याकडे राहायला आले. माझं लक्ष तुझ्या बोटाला लावलेल्या यंत्राकडे, रक्तात ऑक्सिजन किती आहे त्याकडे. तुझं लक्ष स्टॅबिलायझरच्या काट्याकडे. तुझे ओठ निळसर व्हायचे आणि तू मला सांगायचास, "आज व्होल्टेज चांगलं आहे." मी म्हणायचे, "दादा, तू स्वतःकडे बघ." तू म्हणायचास, "तेच बघतोय." काटा खाली गेला की तुझा चेहरा उतरायचा, जसं काही ते तुझ्याच हाताखालच्या लोकांनी केलं होतं. कोपऱ्यात भरलेला सिलिंडर उभा होता, लाइट गेली तर म्हणून. तो आणण्यात मात्र तू एक दिवसाचाही उशीर केला नव्हतास. आयुष्यभर 'राखीव काहीतरी पाहिजे' हेच सांगत आलेला माणूस तू.

आणि मग ती संध्याकाळ. जूनमधली, दिवसभर तापून भिंती अंग टेकवू देत नव्हत्या. दिवेलागणीला वहिनी देवापुढे बसली होती. काटा अगदी जागेवर होता, कारण तू नुकताच तो मला दाखवला होतास. गल्लीच्या तोंडाशी मोठा आवाज झाला आणि सगळं बंद. मशीनची घरघर थांबली, मग ते किंचाळायला लागलं. खाली कोणीतरी ओरडलं, "ट्रांसफार्मर फुंक गया!" वहिनी पळत आली. मी सिलिंडर उघडला, मास्क तुझ्या तोंडाला लावला. वहिनी तुला हातपंख्याने वारा घालत होती. खिडकीतून समोरची गल्ली दिसत होती, तिथे लखलखाट होता. कोणाच्या तरी घरी टीव्हीवर मॅच चालली होती.

तुझ्या कपाळावर घाम होता. डोळे मिटलेले. मला वाटलं हे आता संपतंय. आणि संपायच्या आधी तुला काहीतरी द्यावंसं वाटलं. दुसरं काय होतं माझ्याकडे द्यायला? मी तुझ्या कानाशी वाकले आणि म्हटलं, "दादा, तूच बरोबर होतास. तुमचा प्लांट चालू असता ना, तर आज ही वेळ आली नसती."

तू डोळे उघडलेस. हात वर नेलास आणि मास्क खाली ओढलास.

"अहो, काय करताय!" वहिनी ओरडली.

"ट्रान्सफॉर्मर उडालाय," तू म्हणालास. मग श्वास. "समोर लाइट आहे... दिसत नाही का तुला?" परत श्वास. "आमचा प्लांट असता... तरी गेलीच असती."

"बरं, असती. पण एकदा हो म्हण ना रे."

तू हसलास. त्या अवस्थेत तुझ्या चेहऱ्यावर ते हसू कुठून आलं मला माहीत नाही. "ग्रेस देऊन... पास करतेस काय, बाई?"

वहिनीने रागारागाने मास्क परत लावला आणि मला खोलीबाहेर घालवलं. मी जिन्यात बसून रडले. दुःखाने नाही, दादा, संतापाने. सगळा जन्म एक इंच मागे सरले नाही मी. उघड सरले ते त्या दिवशी, एकदाच, आणि तू ते घेतलं नाहीस. का, तर ते खरं नव्हतं. अरे, बहीण देतेय ना, मग खोटं तर खोटं, घ्यायचं! मरणाच्या दारात कोणी तपासून घेतं का?

लाइट आली. मशीन परत घरघरायला लागलं. तू आणखी दोन दिवस होतास. चहा गोड झालाय का, खिडकी लावू का, वहिनी जेवली का, एवढंच बोललो आपण. सकाळी गेलास, आणि तू गेलास तेव्हा लाइट होती. काटा जागेवर होता. मी मुद्दाम बघितला, कारण तू विचारलं असतंस.

काल तुझी शोकसभा झाली. कॉलनीतल्या जुन्या क्लबमध्ये, निवृत्त लोकांनी मिळून ठेवलेली. त्यांनीच गाडी पाठवली होती. दूर-दूरहून आले होते सगळे, रामसनेहीसुद्धा, काठी टेकत. स्टेजवर तुझा मोठा फोटो आणि त्याच्या मागे कापडी बॅनर. त्यावर लिहिलं होतं, 'छोटा बिजलीघर चालू होता, तो साहब आज हमारे बीच होते.' मी वाचलं आणि वहिनीकडे बघितलं. तिचे डोळे भरून आले होते. तिला बरं वाटत होतं, दादा. तुझ्यामागे एवढी माणसं उभी आहेत हे ती पहिल्यांदाच बघत होती.

भाषण केलं तुमच्या एका निवृत्त मोठ्या साहेबांनी. नोकरीत असताना हा माणूस बॉयलरच्या मजल्यावर चढलेला कुणी पाहिला नव्हता, हे मला तूच सांगितलेलं. काल मात्र रुमाल हातात घेऊन माइकपुढे उभे होते. "दतिया गेट में बिजली गई, मशीन बंद हुई, और हमारा सिपाही चला गया," ते म्हणाले. "जिसने पूरी उमर झाँसी को रोशनी दी, उसी को झाँसी साँस भर बिजली न दे सकी." लोक रडले. मग ठराव आला, जुन्या जागेवर नवीन लहान प्लांट व्हावा आणि त्याला तुझं नाव द्यावं. टाळ्या वाजल्या. मला माहीत आहे, नवीन प्लांट तुला हवा होता. तुला फार आवडलं असतं. पण ते तुला ज्या गोष्टीवर पास करत होते ती तू आमच्या दोघींच्या देखत नाकारली होतीस.

मग त्यांनी म्हटलं, परिवार की ओर से दो शब्द. वहिनी म्हणाली, "वन्सं, तुम्हीच जा. आभार माना आणि या खाली."

मी गेले. आभार मानले. खरंच तेवढंच करून उतरणार होते. पण माइकसमोर उभं राहिल्यावर तो बॅनर पाठीला टोचायला लागला. मी म्हटलं, "एक बात और. दादा बिजली जाने से नहीं गए. गली का ट्रांसफार्मर फुंका था, बगल की गली में उजाला था. सिलेंडर घर में था, उसी पर रहे. बिजलीघर चालू होता, तो भी उस शाम अँधेरा होता. यह मैं नहीं कह रही, यह उन्होंने खुद कहा, मास्क हटाकर. जब वे गए, तब लाइट थी. उनके फेफड़े खराब थे. और फेफड़े यहीं खराब हुए."

मग साहेब उठले, माझ्या हातातला माइक अलगद घेतला आणि म्हणाले, "बहनजी बहुत दुखी हैं." ठराव एकमताने पास झाला.

बाहेर चहा होता. माझ्याजवळ कोणी आलं नाही. रामसनेही कप घेऊन आला, माझ्या हातात दिला आणि खाली बघत म्हणाला, "बैनजी, बात तौ सांची कई. पै आज काए खों कई?" खरं बोललात, पण आजच कशाला, असं त्याला म्हणायचं होतं. त्याचाही खोकला तसाच आहे, दादा. अगदी तुझ्यासारखा, कोरडा, खालून येणारा. मी त्याला ग्वाल्हेरच्या डॉक्टरांचं नाव सांगितलं. तो म्हणाला, "अब का करनें," आणि गेला.

परतीच्या गाडीत वहिनी खिडकीकडे तोंड करून बसली. बबीन्याच्या छावणीचं फाटक मागे पडलं तेव्हा म्हणाली, "जन्मभर हरवलंत त्यांना. एक दिवस जिंकू द्यायचं होतंत. तेवढंसुद्धा बघवलं नाही तुम्हाला?"

मी काय सांगणार होते? की वहिनी, जिंकू द्यायला मीच गेले होते, तुझ्यासमोर, त्या खोलीत, आणि त्यानेच हात झटकला? ती तिथेच होती. तिने ऐकलं होतं. पण नवरा जाताना बाईच्या कानात कोण काय बोलतंय हे शिरतं थोडंच. आज सकाळी तिने माझा चहा टेबलावर ठेवला आणि आत निघून गेली. हे मी सहन करीन. भांडणाची मला सवय आहे, अबोल्याची करून घेईन.

दादा, आयुष्यात पहिल्यांदा मी तुझ्या बाजूने बोलले, आणि त्यासाठी मला तुझ्याच प्लांटविरुद्ध उभं राहावं लागलं. भरलेल्या सभागृहात एकालाही ते कळलं नाही. ज्याला कळलं असतं असा तिथे एकच माणूस होता, आणि त्याच्या फोटोला त्यांनी हार घातला होता.